दिवाळीच्या सुट्टीत इटलीचा समुद्रकिनारा: दोन मुलं आणि सासूबाई बरोबर, जमेल का?

रातराणी
नमस्कार मंडळी, जरा मोकळेपणाने सल्ला हवाय. यंदा दिवाळीत लक्ष्मीपूजन, पाडवा, भाऊबीज घरी करून लगेच दुसऱ्या दिवशी निघायचं असं ठरतंय, म्हणजे साधारण नोव्हेंबरचा दुसरा आठवडा, हातात १० दिवस. आम्ही दोघं, लेक ९ वर्षांची, मुलगा ४ चा आणि सासूबाई ६६ च्या, पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. मुलांना समुद्र हवाय, मला पॉम्पेई (ज्वालामुखीत गाडलं गेलेलं जुनं शहर) बघायचंय कारण शाळेत असल्यापासून डोक्यात आहे, आणि सासूबाईंना 'जास्त चढउतार नको आणि भात मिळाला तर बरं' एवढंच म्हणणं आहे.

मी मनात चिंक्वे तेर्रेला (उत्तरेकडची समुद्राकाठची पाच गावं) चार रात्री आणि पोझितानोला (दक्षिणेला अमाल्फीच्या किनाऱ्यावर) चार असं धरलं होतं. मे-जूनचे रेट बघून डोळे फिरले होते आणि नोव्हेंबरचे बघितले तर निम्म्याहून कमी, म्हणून खुश झाले, पण ज्यांच्याकडून तिकिटं काढतो ते म्हणाले की तेव्हा सगळं बंद असतं, मुलांना घेऊन जाऊन काय करणार. खरंच सगळं बंद असतं का? आणि पाऊस किती? शाळेच्या सुट्ट्या अशाच असल्यामुळे मे आणि दिवाळी सोडून आम्हाला पर्याय नाही आणि मे परवडत नाही. कोणी याच दिवसांत मुलांबरोबर गेलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा.

समुद्रफेस
रातराणीताई, मी गेली बरीच वर्षं जेनोवात राहतोय, म्हणजे चिंक्वे तेर्रे ज्या लिगुरिया भागात येतं तिथलाच, आणि तरीही तुम्हाला सांगतो की नोव्हेंबरात ४ वर्षांच्या मुलाला घेऊन इकडे चार रात्री काढू नका. माझं या किनाऱ्यावर मनापासून प्रेम आहे म्हणूनच सांगतोय. आमच्याकडे वर्षातला सगळ्यात जास्त पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात. समुद्र उन्हाळाभर तापलेला असतो, त्यावरून दमट वारा येतो आणि मागे लगेच उभे डोंगर, आपल्या सह्याद्रीसारखाच प्रकार, ढग अडतात आणि दोनचार तासांत ओतून मोकळे होतात. २५ ऑक्टोबर २०११ ला व्हेर्नात्सा आणि मॉन्तेरोस्सोमध्ये असाच पाऊस झाला आणि गावातल्या मुख्य रस्त्यावर पहिल्या मजल्यापर्यंत चिखल आणि दगड भरले, माणसं गेली. तेव्हापासून पिवळा, नारिंगी, लाल असे इशारे निघाले की इथे कोणी हलक्यात घेत नाही, पायवाटा बंद करतात, शाळाही बंद ठेवतात. रोज असं होतं असं मुळीच नाही, मधे सोन्यासारखे दिवसही येतात, पण १० दिवसांत कुठले तुमच्या वाट्याला येतील ते कोण सांगणार. शिवाय ती पाचही गावं म्हणजे पायऱ्याच पायऱ्या, कॉर्निल्याला तर स्टेशनवरून गावात जायला ३८० च्या आसपास पायऱ्या आहेत (बस आहे, पण तिची वाट बघावी लागते). सासूबाईंना त्रास होईल.

आता 'सगळं बंद' या प्रश्नाबद्दल. हे अर्धंच खरं आहे. इथल्या किनाऱ्यावर नोव्हेंबर आला की गावांचे सरळ दोन भाग पडतात. जी गावं फक्त पाहुण्यांवर जगतात ती दार लावून घेतात, पोझितानोची बहुतेक हॉटेलं नोव्हेंबर ते ईस्टरपर्यंत बंद, अमाल्फीच्या बाजूच्या बोटीही थांबतात. आणि ज्या गावांत माणसं बारा महिने राहतात, मुलं शाळेत जातात, सकाळी भाजीबाजार भरतो, तिथे काहीच बंद नसतं, उलट उन्हाळ्यापेक्षा जास्त मजा येते कारण बेकरीवाला तुमच्या मुलाशी दोन शब्द बोलायला मोकळा असतो. म्हणून ऑफ सीझनला गाव निवडताना फोटो बघू नका, तिथे शाळा आहे का आणि रेल्वे स्टेशन आहे का ते बघा. सालेर्नो, बारी, मोनोपोली, सिराकुझा, कातानिया ही तशी गावं. पॉम्पेई हवंच असेल तर माझं मत सालेर्नोला, तिथून ते जवळ पडतं.

आणि लिगुरियाच हवं असा हट्ट असेल तर चिंक्वे तेर्रेत न राहता जेनोवा शहरात राहा. पाऊस पडला तर बंदरातलं मोठं मत्स्यालय आहे, १९९२ पासूनचं, मुलांचा अख्खा दिवस जातो. ऊन पडलं की नेर्वीला समुद्राच्या कडेने दोनेक किलोमीटरची फरसबंद वाट, फारशी चढउतार न करता सासूबाई लाटा बघत चालू शकतील.

बाभूळबन
समुद्रफेस यांनी सालेर्नोचं नाव घेतलं म्हणून लिहायला बसले. आम्ही नाशिकचे, दोन वर्षांपूर्वी बरोबर याच दिवसांत गेलो होतो, मुलं तेव्हा १० आणि ५. सहा रात्री सालेर्नो, दोन नेपल्स.

सालेर्नोला समुद्राच्या कडेने लांबच लांब रस्ता आहे, माड-ताडांची रांग आणि मधे मुलांची खेळायची जागा. संध्याकाळी सहाच्या सुमारास सगळं गाव बाहेर पडतं, आजीआजोबा, बाबागाड्या, शाळेतली पोरं, नुसतं इकडून तिकडे चालायचं, थांबून गप्पा मारायच्या. आमची मुलं तिथल्या मुलांबरोबर फुटबॉल खेळली, भाषा एक शब्द येत नव्हती. कोपऱ्यावर चेस्टनट भाजत होते, कागदाच्या पुडीत गरमगरम, साल काढायला दोन्ही हात काळे.

अंधार मात्र पाचच्या आधीच पडतो हे लक्षात ठेवा! ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात. म्हणजे फिरायचं ते सकाळी साडेआठला सुरू करायचं. पॉम्पेईलाही हिवाळ्यात पाचला बंद आणि शेवटचा प्रवेश साडेतीनला. बाबागाडी नेऊ नका, रस्ते मोठाल्या दगडांचे आहेत, मधे गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या खाचा आणि रस्ता ओलांडायला उंच दगड, त्या दगडांवरून उड्या मारण्यातच माझ्या धाकट्याचा तास गेला. सासूबाईंसाठी 'पॉम्पेई पेर तुत्ती' नावाचा सपाट केलेला मार्ग आहे, त्याचा नकाशा आत जातानाच मागून घ्या. १८ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, पासपोर्ट दाखवावा लागतो. आणि अजून एक, ४ वर्षांच्या मुलाला पॉम्पेई फार मोठं पडतं, दमून रडायला लागला तर एरकोलानो बघा, त्याच ज्वालामुखीत गाडलेलं पण छोटं, दोन तासांत होतं, आणि जळून कोळसा झालेली लाकडी दारं, तुळया अजून जागेवर आहेत.

आमच्या ट्रिपमधला सगळ्यात चांगला दिवस पेस्तुमचा. सालेर्नोहून लोकल ट्रेनने अर्धा-पाऊण तास, स्टेशनवरून सरळ चालत. मोकळ्या गवतात तीन ग्रीक देवळं उभी, अडीच हजार वर्षांची, आणि त्या दिवशी आम्ही सोडून तिथे मोजून दहा-बारा माणसं होती. मुलं गवतात पळत होती आणि मी खांबाला टेकून नुसती बसले होते. तिथल्या म्युझियममध्ये एका थडग्याच्या झाकणावरचं चित्र आहे, एक मुलगा उंचावरून पाण्यात सूर मारतोय, हात पुढे, पाय सरळ. माझी लेक तेव्हा पोहणं शिकत होती, ती त्या चित्रासमोरून हलेना, म्हणाली आई याचे गुडघे बघ, आमचे सर असंच सांगतात. तुमची लेक ९ ची आहे ना, नक्की दाखवा. आणि त्या भागात म्हशींचे गोठे आहेत! मोझरेला तिथे म्हशीच्या दुधाचं करतात, काही गोठ्यांवर आत जाऊन बघता येतं. धाकटा ओरडला, 'आई, आपल्या म्हशी!' आणि त्या अगदी आपल्यासारख्याच दिसतात, काळ्या, संथ, चिखल आवडणाऱ्या. मामाच्या गावाला गेल्यासारखं झालं त्याला.

आता काय चुकलं तेही सांगते. एक, सालेर्नो ते अमाल्फी बस. रस्ता इतका वळणांचा आहे की मोठीने अर्ध्या वाटेत उलटी केली आणि येताना पुन्हा तेच. बोटी त्या दिवसांत नसतात त्यामुळे बसला पर्याय नाही. मुलांना गाडी लागत असेल तर आवळासुपारी, लिंबू, पिशव्या सगळं घेऊन जा, पुढच्या सीटवर बसवा, किंवा सरळ सोडून द्या आणि त्याऐवजी व्हिएत्रीला जा, सालेर्नोहून ट्रेनने अगदी जवळ, सगळं गाव रंगीत टाइल्सनी मढवलेलं, अमाल्फीचा किनारा तिथूनच सुरू होतो त्यामुळे तोच समुद्र, तेच कडे. दोन, आम्ही घेतलेल्या अपार्टमेंटमध्ये हीटिंग चालूच होईना, रात्री १०-११ डिग्री आणि दगडी भिंती. मालकीणबाईंना मेसेज केला तर म्हणाल्या अजून तारीख आली नाही. मला वाटलं टाळतायत. दोन रात्री मुलांना स्वेटर घालून झोपवलं, धाकट्याला सर्दी झाली.

समुद्रफेस
बाभूळबनताई, त्या टाळत नव्हत्या, खरंच तारीख असते. इटलीत कायद्याने हवामानाप्रमाणे विभाग पाडलेत आणि इमारतीचं हीटिंग कधी सुरू करायचं, रोज किती तास, हे ठरलेलं आहे. मिलानला १५ ऑक्टोबरपासून, जेनोवा आणि रोमला १ नोव्हेंबर, नेपल्स, सालेर्नो, बारीला १५ नोव्हेंबर आणि सिसिलीत पालेर्मो, कातानियाला थेट १ डिसेंबर. म्हणजे दिवाळीत दक्षिणेला गेलात की हमखास या मधल्या दिवसांत सापडता. फार गारठा पडला तर पालिका आधी परवानगी देते पण त्यावर विसंबू नका. रातराणीताई, बुक करण्याआधी एकच प्रश्न विचारा, खोल्यांमध्ये गरम हवा देणारा एसी आहे का? त्याला ही तारीख लागू होत नाही. हो म्हणाले तरच पैसे भरा.

कोकणकडा
म्युनिकहून. ज्यांना पॉम्पेई तितकं महत्त्वाचं नाही त्यांच्यासाठी दुसरा पर्याय म्हणून पुलिया सांगते, म्हणजे इटलीच्या बुटाची टाच. आम्ही इथल्या शरदाच्या सुट्टीत दोनदा गेलो. बारीत राहायचं, लोकलने पोलिन्यानो, मोनोपोली अर्ध्या-पाऊण तासात, सगळं सपाट, आज्यांसाठी उत्तम. पाऊसही लिगुरियापेक्षा बराच कमी. जुन्या बारीत एका बोळात बायका दारात टेबल मांडून ओरेक्किएत्ते हा पास्ता करत बसतात, कणकेची वळकटी, सुरीने छोटा तुकडा, अंगठ्याने एक दाब की कानासारखी वाटी तयार. माझी आई तिथे उभी राहून बघत होती आणि म्हणाली ह्या तर आपल्या शेवया-गव्हल्यांच्या बहिणी. एका आजींनी तिला स्टूल दिलं. आईने दहा-बारा केल्या, पहिल्या चार फसल्या. दोघी एकमेकींशी आपापल्या भाषेत बोलत होत्या आणि दोघींना सगळं कळत होतं.

मुलांना अजून एक गंमत सांगा, ज्या संत निकोलसवरून सांताक्लॉज आला त्याच्या अस्थी बारीच्या चर्चमध्ये आहेत, खलाशांनी १०८७ मध्ये तिकडून तुर्कस्तानातून आणल्या. आमचा मुलगा तेव्हा ६ चा, खाली तळघरात जाऊन हात जोडून उभा राहिला आणि काय मागितलं ते अजून सांगत नाही.

विमानाचं म्हणाल तर इस्तंबूलला बदलून नेपल्स, बारी, कातानिया तिन्हीकडे थेट उतरता येतं, रोम-मिलानला उतरून परत ट्रेन पकडायची गरज नाही.

मावळतीचा_वारा
व्हिसाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून पटकन. शेंगेनचा (इटलीसह युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा) अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, दिवाळीच्या अपॉइंटमेंट भराभर संपतात, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्येच तारीख घ्या. फी मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांना ४५, सहाच्या खाली माफ, म्हणजे धाकट्याची लागणार नाही, सेंटरचा चार्ज वेगळा. मुलांच्या अर्जावर दोघांच्या सह्या आणि जन्मदाखला. सासूबाईंचं पेन्शनचं पासबुक, नातं दाखवणारे कागद आणि खर्च मुलगा करतोय असं पत्र, हे आधीच काढून ठेवा, आमच्याकडे आईच्या जुन्या पासपोर्टवरचं नाव आणि पेन्शनवरचं नाव वेगळं निघालं आणि तीन आठवडे त्यातच गेले. विमा किमान ३०,००० युरोंचा.

रातराणी
बापरे किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, सकाळपासून दोनदा वाचलं, एकदा सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. म्हशींचं ऐकून त्या एकदम तयार झाल्या, त्यांचं लहानपण गोठ्यात गेलंय. चिंक्वे तेर्रे रद्द, पोझितानो रद्द. सालेर्नो पक्कं वाटतंय.

आता राहिला जेवणाचा प्रश्न. त्या चीज खातात पण नेहमीचं. आणि मुलगा साडेसहाला जेवतो, पुढे गेलं की रडारड. तिकडे म्हणे रात्री आठला जेवतात?

बाभूळबन
हो, बरीच स्वयंपाकघरं अडीच-तीनला बंद होतात ती साडेसातलाच उघडतात, पहिल्या दिवशी आम्ही साडेसहाला चार ठिकाणी नकार ऐकला, धाकटा फुटपाथवरच बसला. दुसऱ्या दिवसापासून पद्धत बदलली, दुपारचं जेवण मोठं, साडेबाराला बसायचं, आणि संध्याकाळी बेकरीतून किंवा पिझ्झाचे तुकडे विकणाऱ्या दुकानातून आणून घरी. किचन असलेलंच घर घ्या. तांदूळ कुठेही मिळतो, मूगडाळ, मेतकूट, गोडा मसाला, लोणचं इथून न्या आणि छोटा कुकर. पण तूप, पेढे, खवा, दुधाचं काही नेऊ नका, युरोपात बाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, विमानतळावर बघितलं तर काढून घेतात. चकली, चिवडा, शंकरपाळे तेलातले करून न्या, ट्रेनमध्ये उपयोगी पडतात.

समुद्रफेस
चीजबद्दल एक गोष्ट सासूबाईंना आधीच सांगितलेली बरी. पारमेजानो चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने (दूध गोठवणारा पदार्थ) लावतात, म्हशीच्या मोझरेलाचंही सहसा तेच. काही आज्यांना हे कळल्यावर चालत नाही, काहींना चालतं, तो त्यांचा निर्णय, पण कळायला हवं असं माझं प्रामाणिक मत. नको असेल तर 'मारिनारा' पिझ्झा मागवायचा, त्यात चीज नसतंच, टोमॅटो, लसूण, ओरेगानो, तेल. मात्र सांगताना 'सेंत्सा अच्चुगे' म्हणायचं, म्हणजे अँकोव्ही मासे नकोत, काही ठिकाणी घालतात. आणि 'मी शाकाहारी आहे' एवढ्यावर थांबू नका, 'सेंत्सा कार्ने, सेंत्सा पेशे, सेंत्सा उओवा', मांस नाही, मासे नाहीत, अंडी नाहीत, असं एकेक म्हणायचं, कारण भाजीच्या सूपातही चवीला डुकराची चरबी पडलेली असू शकते आणि बनवणाऱ्याच्या मनात त्यात वावगं काहीच नसतं. पालेर्मोकडे कधी गेलात तर पानेल्ले आणि आमच्याकडे आलात तर फारिनाता नक्की, दोन्ही चण्याच्या पिठाचे, फारिनाता म्हणजे भट्टीतलं बेसनाचं जाड धिरडंच. माझी आई इथे आली की रोज दुपारी तेच मागते.

ट्रेनचंही सांगून ठेवतो. छोट्या लोकलचं कागदी तिकीट फलाटावरच्या मशीनमध्ये घालून ठसा मारल्याशिवाय बसू नका, नाहीतर दंड होतो. संप वरचेवर होतात, बऱ्याचदा शुक्रवारी, पण तारीख आधी जाहीर असते आणि कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळात ठरलेल्या लोकल धावतात. तुमच्या घरमालकाला 'शोपेरो', म्हणजे संप, कधी आहे एवढं विचारलंत तरी पुरे.

आणि एक खास तुमच्यासाठी, दिवाळीनंतर येताय म्हणून. नेपल्सच्या पुराणवस्तू संग्रहालयात हस्तिदंताची एक छोटी मूर्ती आहे, वीतभराहून थोडी उंच. १९३८ मध्ये पॉम्पेईच्या एका घरात सापडली, म्हणजे इसवी सन ७९ ला ज्वालामुखी फुटला त्याच्या आधीच आपल्याकडून समुद्रमार्गे तिथे पोचलेली. तिला 'पॉम्पेईची लक्ष्मी' म्हणतात, अभ्यासक यक्षीही म्हणतात. आणि तिच्याशी मिळत्याजुळत्या मूर्ती आपल्या भोकरदनला आणि तेरला सापडल्यात. गळ्यातले हार, बांगड्यांनी भरलेले हात आणि दोन्ही बाजूंना छोट्या दासी, काचेला नाक लावून बघाल. ती मूर्ती ठेवलेल्या दालनात मोठ्यांसाठीच्या वस्तूही आहेत, त्यामुळे मुलांना आत नेण्याआधी तिथल्या माणसाशी बोला, नाहीतर आळीपाळीने जा. मंगळवारी म्युझियम बंद असतं.

रातराणी
माझं माहेर जालन्याचं, भोकरदन आमच्यापासून तास-दीड तासावर. तिथल्या मूर्तींसारखी कोणी नेपल्सला बसलीये हे मला या वयात कळतंय, वाचून अंगावर काटा आला. आता दोन रात्री नेपल्स नक्की, मंगळवार टाळून.

तर असं धरतेय: नेपल्स २, सालेर्नो ५, आणि शेवटी परत नेपल्स १, बाकी दोन दिवस विमानात. पेस्तुम, म्हशी, व्हिएत्री, एरकोलानो, आणि पॉम्पेई मी आणि लेक दोघीच सकाळी लवकर जाऊन येऊ, मुलगा आणि सासूबाई बाबांबरोबर समुद्रावर. घरमालकिणीला गरम हवेच्या एसीचा मेसेज आत्ताच टाकला. बाभूळबनताई, त्या म्हशींच्या गोठ्यावर आधी कळवून जावं लागतं का, आणि स्टेशनवरून चालत होण्यासारखं आहे की टॅक्सी?

बाभूळबन
आधी कळवलेलं बरं, आणि सकाळीच जा, दही-आइस्क्रीम दुपारपर्यंत संपतं. चालत नका जाऊ, रस्त्याला फुटपाथ नाही आणि सासूबाई आहेत बरोबर, देवळांजवळून टॅक्सी करा आणि परतीची वेळ त्यालाच सांगून ठेवा. मुलाला गमबूट असतील तर घालाच, आणि एक जास्तीची पँट.